कोरिलेशन चांगलं आलं म्हणून दोन टेस्ट सारख्या ठरत नाहीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात एक बातमी वाचली, मेलेल्या जनावराच्या लिव्हरमध्ये डायक्लोफेनॅक, म्हणजे गुरांना दुखण्यावर द्यायचे ते आणि गिधाडांना मारणारं औषध, आहे की नाही हे काही तासांत सांगणारं स्वस्त किट आलंय आणि त्याचे आकडे मोठ्या मशीनच्या आकड्यांशी तंतोतंत जुळतात अशी. आधी खूप बरं वाटलं. पण जुळतात हे कशावरून, तर खाली एक ओळ होती की किट आणि मशीन यांच्या आकड्यांमधलं कोरिलेशन, म्हणजे एक वाढला की दुसराही किती नेमाने वाढतो हे सांगणारा आकडा, फार जास्त आहे. तेवढीच. ती ओळ वाचून मी पेपर बाजूला ठेवला आणि दोन दिवस तेच डोक्यात घोळत राहिलं म्हणून हे पत्र लिहितेय, थोडं लांबणार आहे, जागेअभावी कापावं लागलं तर कापा, पण मधला डेअरीचा भाग कापू नका एवढी विनंती.

मी स्टॅटिस्टिक्स शिकलेली, आणि गेली १९ वर्षं जनावरांच्या टिश्यूमध्ये औषध किती उरलंय हे मोजणाऱ्या लॅबच्या आकड्यांवर काम करते. लिव्हर, किडनी, मटण, दूध, कोळंबी सगळं येतं. मोजणारे केमिस्ट वेगळे, मी त्यांचे आकडे बघते. त्यामुळे दोन पद्धती जुळतात का हा प्रश्न माझ्यासमोर महिन्यातून एकदा तरी येतोच आणि दर वेळी कुणीतरी कोरिलेशनचा आकडा पुढे करतो, शिकलेली, पीएचडी झालेली माणसंसुद्धा. तुमच्या वार्ताहराला मी दोष देत नाहीये. त्यांना जे सांगितलं गेलं ते त्यांनी छापलं.

आधी हे सगळं कशासाठी, ते सांगते. आपल्याकडची गिधाडं डायक्लोफेनॅकने मेली. पांढऱ्या पाठीचं गिधाड १९९२ ते २००७ या १५ वर्षांत भारतात ९९.९ टक्के कमी झालं, म्हणजे हजारातलं एक उरलं. लांब चोचीची जवळजवळ ९७ टक्के गेली. बरीच वर्षं कारणच कळत नव्हतं, लोक व्हायरस शोधत होते. मग २००४ मध्ये पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, ज्यांच्या किडन्या निकामी होऊन पोटातल्या अवयवांवर युरिक अॅसिडचा खडूसारखा पांढरा थर बसला होता अशा २५ पक्ष्यांच्या किडन्या तपासल्या तर २५ च्या २५ मध्ये डायक्लोफेनॅक सापडलं, आणि दुसऱ्या कारणाने मेलेल्या १३ पक्ष्यांमध्ये एकातही नाही. गुरांना ताप, सूज, दुखणं यावर हे इंजेक्शन सर्रास द्यायचे, जनावर दगावलं की गावाबाहेर टाकायचे, गिधाडं येऊन खायची, आणि दोन-तीन दिवसांत मान टाकून झाडावर बसलेली दिसायची.

किडन्यांमधलं ते औषध होतं किती, तर ग्रॅमला ०.०५१ ते ०.६४३ मायक्रोग्रॅम. एवढं कमी मोजता आलं म्हणून कारण सापडलं. २००६ मध्ये आपल्या सरकारने गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आणली ती शेवटी अशाच आकड्यांच्या जोरावर. म्हणून म्हणते, मोजमाप हा इथे किरकोळ विषय नाही.

बंदीच्या आधी, २००४-०५ मध्ये १२ राज्यांतून मेलेल्या गुरांच्या १८४८ लिव्हर गोळा करून तपासल्या, त्यात साधारण १० टक्क्यांमध्ये औषध निघालं. आणि गणित मांडणाऱ्यांनी दाखवलं होतं की एवढी गिधाडं मरायला १० टक्के लागतच नाहीत, हजार मेलेल्या जनावरांमधल्या एक ते आठ जनावरांत जीवघेण्या पातळीचं औषध असलं तरी पुरे, नेमका आकडा ०.१३ ते ०.७५ टक्के. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता कोरिलेशन. मी मूळची संगमनेरची, आमच्या घरी दोन गाई होत्या आणि वडील सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालायचे. ज्यांच्या घरी दूध आहे त्यांना फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) सांगायला नको, गाईच्या दुधाचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफवर ठरतो आणि पॉइंटभर फॅट खाली आला की पैसे कापले जातात. आधी गर्बरची पद्धत होती, काचेच्या नळीत दूध, अॅसिड घालून फिरवायचं आणि वर आलेली फॅटची रेघ बघायची. मग इलेक्ट्रॉनिक मशीन आली. आता समजा मशीन प्रत्येकाचं फॅट बरोब्बर ०.३ ने कमी दाखवतंय. गर्बरमध्ये ज्याचं ४.२ त्याचं मशीनमध्ये ३.९, ज्याचं ३.८ त्याचं ३.५, ज्याचं ३.५ त्याचं ३.२. कोरिलेशन काढलं तर एक येईल, पूर्ण एक, यापेक्षा जास्त येऊच शकत नाही. मशीनवाला म्हणेल बघा, शंभर टक्के जुळतंय. आणि ३.५ वाला शेतकरी रोज घरी जाताना नुकसान घेऊन जाईल. माझे वडील सातवी शिकलेले होते, त्यांना कोरिलेशन शब्द माहीत नव्हता, पण मशीन आलं तेव्हा त्यांनी पहिल्याच आठवड्यात एकच दूध दोन्हीकडे लावून बघा म्हणून सेक्रेटरीशी वाद घातला होता आणि ते वजाबाकी करून फरक सांगत होते. बरोबर पद्धत तीच आहे. वजाबाकी.

लॅबमध्येही तेच. समजा पाच लिव्हर आहेत आणि मोठं मशीन, म्हणजे एलसी-एमएस, त्यात किलोमागे २०, ५०, १००, २०० आणि ४०० मायक्रोग्रॅम दाखवतंय. किट दाखवतंय ४०, १००, २००, ४०० आणि ८००. प्रत्येक ठिकाणी दुप्पट. कोरिलेशन एक. एका सरळ रेषेत बसतात एवढंच कोरिलेशन सांगतं, ती रेषा कुठली हे ते सांगत नाही. शिवाय रेंज जेवढी मोठी घ्याल तेवढा तो आकडा वाढतो. १० आणि २० च्या सॅम्पलमध्ये गोंधळ असला तरी त्यात मुद्दाम औषध मिसळलेली १००० आणि २००० ची चार सॅम्पल टाका, आकडा लगेच ०.९८ च्या पुढे जातो, गोंधळ आहे तिथेच राहतो पण दिसत नाही. आणि त्यासोबत पी व्हॅल्यू छापतात, म्हणजे काहीच संबंध नसताना निव्वळ योगायोगाने असे आकडे येण्याची शक्यता, ०.०००१ पेक्षा कमी वगैरे. अहो, दोन्ही पद्धती एकच औषध मोजायला बनवल्यात, त्यांच्यात काहीच संबंध नसता तर नवल होतं. संबंध आहे हे सिद्ध करून काय मिळालं?

हे मी माझ्या पदरचं सांगत नाहीये. ब्लँड आणि ऑल्टमन या दोन ब्रिटिश स्टॅटिस्टिशियननी १९८६ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरांच्या मासिकात हाच मुद्दा मांडला, त्याआधी १९८३ मध्येही मांडला होता, आणि ते जगातल्या सगळ्यात जास्त उल्लेख झालेल्या लेखांपैकी एक झालं. त्यांचं उदाहरण साधं होतं, फुंकर किती जोरात मारता हे मोजणारी दोन यंत्रं, एक मोठं आणि एक छोटं, आणि १७ माणसं. कोरिलेशन आलं ०.९४. सरासरी फरक मिनिटाला फक्त २.१ लिटर, म्हणजे नसल्यात जमा. कुणीही म्हणालं असतं झालं, छोटं यंत्र वापरा. पण त्यांनी एकेका माणसाचा फरक काढला, त्या फरकांचं स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे ते सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप, काढलं, ते आलं ३८.८, त्याच्या साधारण दुप्पट वर आणि दुप्पट खाली गेलं की कळतं छोटं यंत्र मोठ्यापेक्षा ८० ने कमीसुद्धा दाखवू शकतं आणि ७६ ने जास्तसुद्धा. दम्याच्या पेशंटसाठी एवढा फरक म्हणजे औषध बदलायचं की नाही इथपर्यंतचा फरक. तोच डेटा, आधी छान वाटला आणि वजाबाकी केल्यावर घाम फुटला.

त्यातून जी पद्धत रूढ झाली ती अगदी सोपी आहे, बारावीच्या पोरालाही जमेल. प्रत्येक सॅम्पलचे दोन आकडे घ्या, त्यांची सरासरी आडव्या अक्षावर, त्यांचा फरक उभ्या अक्षावर, आणि ठिपके टाका. मध्ये सरासरी फरकाची रेघ, वर-खाली १.९६ स्टँडर्ड डेव्हिएशनवर दोन रेघा. मग बघत बसा. फरक शून्याभोवती आहे का, वर गेलाय का, पुढे पुढे पंख्यासारखा पसरत जातोय का. त्या दोन रेघांमधलं अंतर आपल्या कामासाठी चालण्यासारखं आहे का हे स्टॅटिस्टिक्स सांगत नाही, ते गुरांच्या डॉक्टरने आणि पक्षीवाल्यांनी ठरवायचं, आणि आकडे बघायच्या आधी ठरवायचं. हे शेवटचं फार कमी लोक करतात.

आमच्याच लॅबमधली गोष्ट सांगते, बरीच वर्षं झाली. किट आणि मशीन यांची तुलना करायची होती. फ्रिजरमधल्या लिव्हर बाहेर काढून अर्धवट वितळलेल्या असतानाच ब्लेडने कापायच्या, कारण पूर्ण वितळल्या की हातात चिखल होतो, अर्धा ग्रॅम वजन करून नळीत, त्यावर अॅसिटोनायट्राइल, म्हणजे औषध ओढून घेणारा द्रव, मग लगदा करणारा होमोजनायझर फिरवला की तपकिरी फेस येतो, मग सेंट्रिफ्यूज आणि वरचा स्वच्छ द्रव अलगद काढून घ्यायचा. लिव्हरचा वास एप्रनला असा बसतो की बसमध्ये शेजारचा माणूस वळून बघतो. मग किटसाठी ९६ खड्ड्यांची प्लेट, त्यात अँटिबॉडी, म्हणजे नेमकं त्या औषधाला चिकटणारं प्रोटीन, आणि शेवटी रंग. या किटमध्ये उलटं असतं हे नवीन माणसाला पटकन कळत नाही, औषध जास्त असेल तर रंग कमी येतो, कारण औषधच अँटिबॉडी अडवून धरतं. निळा रंग येतो, अॅसिड टाकलं की पिवळा होतो, आणि त्या पिवळेपणावरून आकडा काढतात.

तर आम्ही दोन्ही आकडे एकमेकांसमोर मांडले, ठिपके छान रेषेत आले, कोरिलेशन उत्तम, रिपोर्ट टाइप झाला, सहीला जायचा बाकी होता. आणि नुकतीच लागलेली एक मुलगी मला म्हणाली, मॅडम, फरकाचा आलेख काढून बघू का, कॉलेजमध्ये शिकवला होता. खरं सांगते, मला राग आला, कारण ते माझं काम होतं आणि मी घाईत केलं नव्हतं. तिने काढला. ठिपके शून्याच्या वर होते जवळजवळ सगळे, आणि उजवीकडे पंख्यासारखे उघडत गेलेले. म्हणजे किट जास्त दाखवत होतं आणि औषध जितकं जास्त तितकं जास्तच दाखवत होतं. सही थांबवली. मग आकड्यांचे लॉग (लॉगरिदम) घेऊन परत आलेख काढला कारण फरक जेव्हा पातळीच्या प्रमाणात वाढतो तेव्हा वजाबाकीपेक्षा गुणोत्तर बघावं लागतं, लॉगमध्ये घेतल्यावर पंखा मिटला आणि एकसारखा पट्टा दिसला, शून्याच्या वर सरकलेला. एकसारखा सरकलाय म्हणजे कारणही एकच असणार. ते शोधायला तीन आठवडे गेले. किटचे स्टँडर्ड, म्हणजे ज्यांच्यावरून आकडा मोजायचा ते ठरलेल्या मात्रेचे नमुने, साध्या बफरमध्ये केले होते आणि सॅम्पल मात्र लिव्हरच्या अर्कात. लिव्हरमधली चरबी आणि प्रोटीन अँटिबॉडीच्या आड येतात, रंग कमी पडतो, आणि किटला वाटतं औषध जास्त आहे. औषध नसलेल्या जनावराच्या लिव्हरच्या अर्कात स्टँडर्ड बनवल्यावर पट्टा खाली सरकला. पट्टा अरुंद मात्र झाला नाही, तो किटचा स्वभावच होता. त्या मुलीने तेव्हा विचारलं नसतं तर आमचा चुकीचा रिपोर्ट आमच्याच सहीने गेला असता, हे मी आजही नव्या लोकांना पहिल्या दिवशी सांगते.

हे गिधाडांच्या बाबतीत किती महत्त्वाचं आहे ते बघा. पांढऱ्या पाठीच्या निम्म्या गिधाडांना मारायला वजनाच्या किलोमागे साधारण ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम डायक्लोफेनॅक पुरतं, नेमका अंदाज ०.०९८ ते ०.२२५. पक्षी असतो पाच किलोच्या आसपास. म्हणजे अर्धा ते एक मिलिग्रॅम. गिधाड एका बसणीला किलोभर मांस सहज खातं, मग किलोमागे ५०० मायक्रोग्रॅम, म्हणजे अर्धा मिलिग्रॅम, औषध असलेलं मांस त्याच्या पोटात गेलं की जीव धोक्यात. आता किट म्हणालं २५० आणि ते निम्मं दाखवणारं किट असेल तर खरं ५०० आहे. दुप्पट दाखवणारं असेल तर खरं १२५. एकच आकडा, एकात पक्षी मरू शकतो, दुसऱ्यात बहुतेक वाचतो. आणि कोरिलेशन दोन्हीकडे एक.

हा नुसता कागदावरचा हिशोब नाही. आमच्या नाशिक जिल्ह्यात हरसूलजवळ खोरीपाड्याला वनखात्याचं गिधाड रेस्टॉरंट आहे, गावकरी मेलेलं जनावर तिथे आणून टाकतात आणि गिधाडं उतरतात. मी तिथे गेलेय, दुपारच्या उन्हात डोक्यावर घिरट्या सुरू झाल्या की गावातली पोरं बोटांवर मोजायला लागतात, आणि मोजताना कुणी बोललेलं त्यांना चालत नाही. २०२४ मध्ये पिंजोरच्या गिधाड प्रजनन केंद्रातून ताडोबा आणि पेंचला गिधाडं आणली, हरियाणातून विदर्भापर्यंत. अशा ठिकाणी पडणारं प्रत्येक जनावर तपासून टाकता आलं तर किती मोठी गोष्ट होईल, म्हणून मला ते किट हवंच आहे, हे कृपया नीट समजून घ्या. मोठं मशीन काही तालुक्याला ठेवता येत नाही. त्याला एसी खोली, गॅस, माणूस, आणि दर सॅम्पलमागे खर्च. मेलेलं जनावर उन्हाळ्यात रिपोर्टची वाट बघत आठ दिवस पडून राहू शकत नाही.

आणि असं काम आपल्याकडे झालेलंही आहे. बंदीनंतर, ऑगस्ट २००७ ते जून २००८ मध्ये, देशभरातून गोळा केलेल्या १२५१ लिव्हर एलायझा पद्धतीने, म्हणजे वर सांगितलेल्या अँटिबॉडी आणि रंगाच्या पद्धतीने, तपासल्या गेल्या आणि तिची एलसी-एमएसशी तुलना केली गेली. किटने आधी गाळणी लावायची आणि संशयित सॅम्पल मशीनवर पक्कं करायचं, हाच शहाणपणाचा मार्ग आहे, कोळंबीच्या एक्सपोर्टमध्येही अँटिबायोटिकसाठी हेच करतात. पण गाळणी म्हणून वापरायचं असेल तर प्रश्न बदलतो. मग आकडा किती जुळला यापेक्षा किती वाईट सॅम्पल गाळणीतून निसटली हे विचारायचं. युरोपात स्क्रीनिंग टेस्टला नियम आहे की ठरवलेल्या पातळीला औषध असलेली सॅम्पल चुकून पास होण्याचं प्रमाण ५ टक्क्यांच्या वर जाता कामा नये. चांगला नियम आहे. पण आता मघाचा आकडा आठवा. हजार जनावरं, त्यातल्या १०० मध्ये औषध आहे असं धरा, किटने ५ टक्के सोडली म्हणजे ५ जनावरं. हजारात ५ म्हणजे ०.५ टक्के, आणि गिधाडं संपायला लागतात ०.१३ ते ०.७५ टक्के. हे खरंय की त्या शंभरातली सगळी जीवघेणी नसतात आणि निसटणारी बहुतेक कमी पातळीचीच असतात. बहुतेक. पण निसटणारी कुठली आहेत हे बघितल्याशिवाय बहुतेक या शब्दावर किती भार टाकायचा? चरबीवाल्या म्हशीच्या लिव्हरमधून औषध अर्कात नीट उतरलंच नाही तर जास्त पातळीचंसुद्धा निसटू शकतं. म्हणून गाय, म्हैस, शेळी यांची सॅम्पल वेगवेगळी बघायला हवीत. बातमीत त्याबद्दल काही नव्हतं.

अजून एक, ज्यावर मला नेहमी भांडावं लागतं. बऱ्याच लिव्हरमध्ये औषध नसतंच किंवा पद्धतीला दिसणार नाही इतकं कमी असतं. अशा सॅम्पलच्या रकान्यात काही लोक शून्य लिहितात, काही जण किमान मर्यादेच्या निम्मा आकडा लिहितात, आणि मग सगळं एकत्र करून कोरिलेशन काढतात. समजा शंभरात नव्वद असे. दोन्ही पद्धतींमध्ये नव्वद ठिकाणी तोच बनावट आकडा भरलाय, मग जुळणारच ना. ते जुळणं आपण भरलेल्या आकड्याचं आहे. ती सॅम्पल वेगळी काढायची, दोघांनीही नाही म्हटलं किती, एकाने हो दुसऱ्याने नाही किती, असा साधा चार खणांचा तक्ता द्यायचा. आणि जिथे दोघांनाही आकडा सापडलाय तिथेच फरक मोजायचा. मग अनेकदा लक्षात येतं की शंभर सॅम्पलचा अभ्यास खरं तर दहाच सॅम्पलचा होता.

दहा-बारा सॅम्पलवर काय बोलणार? त्या वरच्या-खालच्या रेघा स्वतःच किती डळमळीत असतात याचं एक सोपं सूत्र आहे, स्टँडर्ड डेव्हिएशनला तीन भागिले सॅम्पलची संख्या याच्या वर्गमुळाने गुणायचं. १२ सॅम्पल असतील तर उत्तर येतं स्टँडर्ड डेव्हिएशनच्या निम्मं, दोन्ही बाजूंना त्याची दुप्पट धरायची, म्हणजे रेघ एका डेव्हिएशनने वर की खाली हेसुद्धा नक्की नाही. १०० असतील तर सहाव्या हिश्शाच्या आसपास. माणसांचे नमुने तपासणाऱ्या लॅबसाठी दोन पद्धतींची तुलना कशी करावी हे सांगणाऱ्या ईपी०९ मार्गदर्शिकेत किमान ४० सॅम्पल घ्या म्हणतात आणि ती पूर्ण रेंजवर पसरलेली हवीत. शिवाय प्रत्येक सॅम्पल प्रत्येक पद्धतीने दोनदा तरी मोजलेलं हवं. नाहीतर फरक आला की किट आणि मशीन एकमेकांकडे बोट दाखवतात, आणि किट स्वतःशीच जुळत नसेल तर मशीनशी काय जुळणार.

मशीनवरही आंधळा विश्वास नको. एलसी-एमएसमध्येसुद्धा लिव्हरमधली घाण, मशीन ज्यांच्यावरून मोजतं ते औषधाचे विद्युतभारित कण (आयन) दाबून टाकते आणि आकडा कमी येतो, म्हणून ड्युटेरियम (जड हायड्रोजन) लावलेलं, वेगळं ओळखता येणारं डायक्लोफेनॅक ठराविक मात्रेत सुरुवातीलाच मिसळतात, ते जेवढं दाबलं जातं तेवढंच खरंही दाबलं जातं आणि हिशोब लागतो. पण चूक शून्य होत नाही. त्यामुळे मशीनचा आकडा आडव्या अक्षावर ब्रह्मवाक्य धरून साधी रिग्रेशन रेषा (ठिपक्यांमधून नेलेली सरळ रेषा) टाकली की उतार उगाच कमी येतो. दोन्हीकडे चूक धरणारी डेमिंगची पद्धत आहे, पासिंग-बाब्लॉक आहे, १९८३ पासून. आता फुकटच्या सॉफ्टवेअरमध्येही एका ओळीत होतं.

आणि डायक्लोफेनॅक पकडलं म्हणजे काम संपलं असंही नाही. गुरांसाठीच्या औषधावर बंदी आल्यावर माणसांसाठीच्या इंजेक्शनच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरायला लागले, म्हणून २०१५ मध्ये माणसांचं इंजेक्शन ३ मिलिच्या एका डोसपुरतंच ठेवलं. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅक ही तशाच प्रकारची औषधं गुरांसाठी बंद झाली, २०२४ च्या शेवटी निमेसुलाइड. यातलं असिक्लोफेनॅक गाईच्या अंगात जाऊन डायक्लोफेनॅकच होतं, ते या किटला सापडेल. किटोप्रोफेन आणि निमेसुलाइड सापडणार नाही कारण अँटिबॉडी वेगळी लागते, मशीन मात्र एकाच फेरीत सगळी मोजतं. म्हणजे किटने नाही म्हटलं तर अर्थ एवढाच की डायक्लोफेनॅक नाही. मांस सुरक्षित आहे असा तो अर्थ नाही, आणि तुमच्या बातमीच्या हेडिंगमध्ये मात्र सुरक्षित हा शब्द होता. तेवढा शब्द पुढच्या वेळी तपासून घ्या. गुरांच्या डॉक्टरांकडे दुखण्यावरचंच मेलॉक्सिकॅम नावाचं औषध आहे, ते गिधाडांना चालतं हे तपासून सिद्ध झालंय, तेच वापरलं गेलं तर किटची गरजही कमी पडेल, पण तो वेगळ्या पत्राचा विषय आहे.

माझं मागणं फार मोठं नाही. कुठल्याही अशा किटची बातमी आली की तुमच्या वार्ताहराने तीन गोष्टी विचाराव्यात, फरकाचा आलेख दाखवा, प्रत्यक्ष आकडा सापडलेली सॅम्पल किती होती ते सांगा, आणि मशीनने हो म्हटलेल्या किती सॅम्पलना किटने नाही म्हटलं. स्टॅटिस्टिक्स यायची गरज नाही, उत्तर मिळालं की तसंच छापा, मिळालं नाही तर मिळालं नाही असं छापा. वाचकांमध्ये माझ्यासारखी खूप माणसं आहेत, ती पुढचं बघतील.

आणि ज्यांनी हे किट केलंय त्यांना तुमच्यामार्फत निरोप. त्यांनी कष्ट केलेत, वाईट वाटून घेऊ नये. प्रत्येक लिव्हरचे दोन आकडे, कुठलं जनावर आणि किती तारखेला मोजलं एवढा एक साधा तक्ता त्यांनी पाठवला तर मी दोन-तीन संध्याकाळी बसून सगळे आलेख काढून देते, पैसे नकोत, नावही नको. किट चांगलं निघालं तर खोरीपाड्याला पहिली पेटी घेऊन जायला मी स्वतः येईन.

आपली एक वाचक,
नाशिक